तीन सेंटिमीटरची चोरी

“भावोजी, या शहरात माझ्या तोडीचा डिटेक्टिव्ह दुसरा नाही,” मामा म्हणाला, “आणि हे मी नम्रपणे सांगतोय. नम्रपणा बाजूला ठेवला, तर या देशात नाही.”

भावोजींनी मान डोलावली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि बायकोच्या या धाकट्या भावापुढे मान डोलावली की वेळ वाचतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं.

मामाने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. या कार्डाच्या चार प्रती घरात आधीच होत्या. एक फ्रिजवर चिकटवलेली होती, तर एक घडी घालून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवलेली होती. कार्डावर छापलं होतं : ‘गूढउकल तज्ज्ञ. बारीक नजर, तल्लख बुद्धी, पोलादी मज्जातंतू. १४३ प्रकरणे यशस्वी.’ आणि त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत : ‘फक्त रविवारी व सुटीच्या दिवशी’.

उरलेले सहा दिवस मामा बस स्थानकावरच्या ‘हरवले-सापडले’ खिडकीत बसायचा. एकशे त्रेचाळीस प्रकरणांपैकी एकशे एकोणतीस छत्र्या होत्या, नऊ डबे, चार चष्मे आणि एक कवळी. माणूस खिडकीशी येऊन “माझी छत्री राहिली” म्हणायचा. मामा डोळे बारीक करून “रंग?” असं विचारायचा. माणूस “काळा” म्हणायचा आणि प्रकरण उकलायचं. कवळीच्या वेळी मात्र खरोखर दमछाक झाली, कारण तक्रारदाराला तक्रार सांगता येत नव्हती.

आज मात्र रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते आणि छत्रीचा काही संबंध नव्हता. भावोजींची एकुलती एक मुलगी तीन सेंटिमीटरने कमी झाली होती.

मुलीला घरात सगळे मुंगी म्हणायचे. पाच वर्षांची व्हायला तिला दोन महिने कमी होते. पुढच्या शनिवारी हे कुटुंब आयुष्यात पहिल्यांदा थीम पार्कला जाणार होतं. दोन दिवस, एक रात्र. मुंगी झाल्यापासूनची ही पहिलीच सहल. त्यासाठी आईने चौकटीच्या कागदांची एक वही केली होती. नऊ वाजता फाटक. नऊ दहाला बाथरूम, लागो न लागो. साडेनऊला लाकडी घोडे. एक ते दोन सावलीत झोप. चार वाजता ‘दमून रडणे, वीस मिनिटे’. रडण्यालासुद्धा वेळ काढून ठेवणारी बाई नवऱ्याला चुकू देत नाही, हे भावोजींना ठाऊक होतं.

वहीतली सगळ्यात मोठी चौकट होती साडेदहाची, आणि तिच्यात लिहिलं होतं ‘ढगगाडी’. ही पार्कातली एक बुटकी रंगीत आगगाडी. रुळांवरून खडखडत ती तीन मजले वर चढते, पांढऱ्या धुरातून जाते आणि खाली येते. तिच्या पुढच्या डब्यात एक पितळी घंटा आहे. दोरी ओढली की ती वाजते, आणि ती ओढायचा मान पुढच्या डब्यातल्या मुलांचा. मुंगीने तीन महिने दुसऱ्या कशाचंही नाव काढलं नव्हतं. दात घासताना, बूट घालताना, ताप आला तेव्हासुद्धा ती एक हात वर करून अदृश्य दोरी ओढायची आणि म्हणायची, “ठण ठण.”

पुढच्या डब्यात बसायचं, तर उंची एकशे पाच सेंटिमीटर हवी. जागा आधी फोनवरून अर्ज भरून मिळवायची, अर्जात उंची लिहायची आणि अर्ज आज दुपारी बारा वाजता बंद होणार होता. खोटं लिहून भागणार नव्हतं. गाडीच्या दारात एक लाकडी अस्वल उभं असतं म्हणे. मुलाचं डोकं त्याच्या पंजाला लागलं तर आत, नाही तर नाही.

खरं म्हणजे खोटं लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भावोजी वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू, मापं, मीटरपट्ट्या तपासायच्या, खऱ्या असतील त्यांवर शिक्का मारायचा आणि खोट्या जप्त करायच्या, यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. दुधाच्या मापाला तळाशी किती पोचा आहे, हे ते नुसत्या अंगठ्याने सांगत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मुंगीला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीशी उभी करत, डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या धरत, पेन्सिलने रेघ ओढत आणि रेघेपुढे तारीख घालत. मागच्या महिन्याची रेघ एकशे सहावर होती. आज सकाळी नऊ वाजता मुंगीचं डोकं एकशे तीनवर आलं.

भावोजींनी तीनदा मोजलं. मग गुण्या खाली ठेवून ते खुर्चीवर बसले. जगाची मापं तपासणाऱ्या माणसाच्या घरात माप चुकावं, यासारखी नामुष्की नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, चौकटीशी उभ्या पोरीने अजून हातही वर केला नव्हता. आज सकाळपासून ठण ठण नव्हतं.

“घाबरू नका,” मामा म्हणाला. “मी आलोय.”

“म्हणूनच घाबरलेत ते,” आई म्हणाली. ती टेबलावर सहलीच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

मामाने भिंग काढून चौकट वरून खालपर्यंत बघितली, खालून वरपर्यंत बघितली आणि मग चौकटीवरून चालणाऱ्या एका झुरळाचा बराच वेळ माग काढला. झुरळ ओट्यामागे गेल्यावर तो उठला.

“सोपं आहे. टेप खोटी आहे.”

“माझी टेप?” भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की आईची इस्त्री थांबली.

ते आत गेले आणि कापडात गुंडाळलेली पोलादी पट्टी घेऊन आले. ही पट्टी दर सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत तपासली जायची, आणि घरात तिला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती. त्यांनी टेप पट्टीशेजारी ठेवली. केसाइतकाही फरक नव्हता.

“मला तेच अपेक्षित होतं,” मामाने वहीत लिहिलं. “याचा अर्थ चौकट वाढली. लाकूड आहे. ओल धरली, फुगलं, रेघा वर सरकल्या. पोरगी होती तिथेच आहे.”

भावोजींनी जमिनीपासून मागच्या महिन्याच्या रेघेपर्यंत पट्टी लावली. रेघ एकशे सहावर होती, आणि तशीही चौकट लोखंडी होती. मामाने टिचकी मारून खात्री करून घेतली आणि तो मुद्दा खोडला.

“ताई, हिच्या आंघोळीचं पाणी काल किती गरम होतं?”

“का?”

“माझा लोकरी स्वेटर तू गरम पाण्यात घातला होतास, आठवतं? तो आता मुंगीला होतो. म्हणजे लोकर जर आटते, तर...”

आईने इस्त्री किंचित वर उचलली. मामाने तोही मुद्दा खोडला.

पुढचा सिद्धांत शास्त्रीय होता. माणूस झोपून उठतो तेव्हा उंच असतो आणि दिवसभर उभा राहून बुटका होतो, असं मामाने कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं खरं असेलही. पण मुंगी सकाळी साडेआठला उठली होती आणि त्यानंतर ती फक्त बिस्किट खात बसली होती. तरीसुद्धा मामाने तिला दहा मिनिटं चटईवर आडवी झोपवली. “ताठ झोप, मणके सुटे होतील,” असं सांगितलं आणि पुन्हा चौकटीशी नेलं. आता ती एकशे दोन पॉइंट पाच भरली.

“अरे, होतं तेवढं तरी राहू दे!” आई ओरडली.

सव्वादहा झाले होते. भावोजी मुंगीकडे बघत होते. तिने कालच आणलेला नवा पिवळा फ्रॉक सकाळपासून अंगातून काढला नव्हता. आईने तो नेहमीप्रमाणे वाढत्या अंगाचा आणला होता, म्हणजे आणखी दोन वर्षांनी बसला असता. तूर्त तो घोट्यांपर्यंत लोंबत होता आणि त्यात पोरगी खरंच लहान दिसत होती. ती बाबाकडे बघायची आणि बाबाने बघितलं की नजर जमिनीकडे न्यायची.

“एकच शक्यता उरते,” मामा कुजबुजला. तो कुजबुजला की शेजाऱ्यांनाही ऐकू जायचं. “ही मुंगी नव्हे. ही तोतया आहे.”

“कोण, मी?” मुंगी म्हणाली.

मामा तिच्यासमोर उकिडवा बसला. “नाव?”

“मुंगी.”

“खरं नाव?”

“शाळेतलं का घरातलं?”

“दोन नावं!” मामाने वहीत अधोरेखित केलं. “आईचं नाव?”

“आई.”

“वडलांचं?”

“बाबा. मामा, तुला माहीत नाही?”

“प्रश्न मी विचारणार. मागच्या रविवारी मी इथे बसून काय वाचून दाखवलं?”

“पार्कचं पुस्तक. आठ पानं. आई पाचव्या पानाला उठून गेली. बाबा सहाव्या पानाला घोरायला लागला. मी टेबलाखाली होते. मी सगळं ऐकलं.”

हे शब्दशः खरं होतं. मामाने पार्कचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं होतं, आणि तेही न्यायालयात पुरावा वाचतात तशा आवाजात. आईने कामाचं तेवढं एक वाक्य उचललं होतं, एकशे पाच सेंटिमीटरचं. भावोजींनी काहीच उचललं नव्हतं.

“मुंगीच आहे,” मामा नाइलाजाने म्हणाला. “मग गुन्हेगार घरातलाच आहे.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मामाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, स्वतः दार उघडलं आणि दारातल्या बाईंना नखशिखान्त न्याहाळलं.

“बोलू नका. तुमच्या खांद्यावर पांढरा दोरा आहे, श्वास लागलाय आणि चप्पल धुळीची आहे. तुम्ही आज फार लांबून आलात. बहुधा पायी.”

“खालच्या मजल्यावरून,” शिलाईकाकू म्हणाल्या. “सरक.”

शिलाईकाकू तळमजल्यावर शिवणकाम करायच्या. अख्ख्या इमारतीच्या पडद्यांना, पँटींना आणि वाढत्या अंगाच्या फ्रॉकांना त्यांनीच दुमडून माणसांच्या मापात आणलं होतं. मुंगीच्या फ्रॉकची खालची कड दुमडायला आईने त्यांना अकराला बोलावलं होतं. त्या आल्या, चटईवर बसल्या, आठ-दहा टाचण्या ओठांत धरल्या आणि कामाला लागल्या. ओठांत टाचण्या असल्या की काकू बोलत नसत. त्यामुळे या घरात त्या एकट्याच काहीतरी बघू शकत होत्या.

“सगळ्यांनी स्वयंपाकघरात जमावं!” मामाने जाहीर केलं.

सगळे स्वयंपाकघरातच होते. मामाने खोलीतली माणसं एकदा मोजून घेतली आणि तो ओट्याला टेकून उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

“हे प्रकरण मी आल्याआल्याच सोडवलं होतं. आतापर्यंतचे सिद्धांत मी गुन्हेगाराला गाफील ठेवण्यासाठी मांडले.” त्याने वर बोट दाखवलं. “या दारावरचा दिवा बघा. गेलाय. किती दिवस झाले, ताई?”

“तीन आठवडे. रोज सांगते यांना.”

“नवा दिवा फडताळात पडून आहे. स्टूलही इथेच आहे. आणि स्टुलाच्या वरच्या पायरीवर,” मामाने बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं, “तीन आठवड्यांची धूळ! म्हणजे या घरात असा एक माणूस आहे जो स्टुलाच्या दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही. तो पुलावरून जाताना मधूनच चालतो. गच्चीवर कपडे वाळत घालायला त्याला कंबरदुखी होते. आणि पुढच्या शनिवारी त्याला तीन मजले वर जायचं होतं. पोरगी बसली नाही, तर त्यालाही बसावं लागणार नाही. सेंटिमीटर कोणाच्या हातचा मळ आहे? भावोजी, सेंटिमीटर तुम्हीच पळवलेत!”

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं.

भावोजींना आधी राग आला. मग त्यांना कळलं, की हा राग मामाचं चुकलं म्हणून आलेला नाही. त्याचं निम्मं बरोबर होतं. त्यांना उंचीची भीती वाटायची, लहानपणापासून वाटायची, आणि आठ वर्षं त्यांनी ती कधी कंबरेवर ढकलली होती, कधी उन्हावर. तीन आठवड्यांपूर्वी दिवा बदलायला ते स्टुलावर चढले होते. दुसऱ्या पायरीवर त्यांचे पाय लटपटले, डोळे आपोआप मिटले आणि ते भिंतीला धरून तसेच उभे राहिले. तेव्हा घरात फक्त मुंगी होती. तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं. खाली उतरल्यावर ते तिला म्हणाले होते, “आईला सांगू नकोस हं.”

“मी माप बदललं नाही,” ते हळू म्हणाले. “शिक्क्याची शपथ. पण सकाळी एकशे तीन आलं ना, तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. माझी पोरगी तीन महिने दोरी ओढतेय, आणि तिचं डोकं रेघेला लागत नाही याचं मला बरं वाटलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “लाज वाटली मग. अजून वाटतेय.”

“अहो,” आई म्हणाली, “मला नाही का सांगायचं?”

“कबुली!” मामा वहीत भराभर लिहीत होता. “एकशे चव्वेचाळीस!”

“गुडघे,” शिलाईकाकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकूंनी ओठांतल्या उरलेल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या.

“मगापासून बघतेय. ही चौकटीशी उभी असते तेव्हा फ्रॉक जमिनीला टेकतो. पाणी प्यायला गेली की दोन बोटं वर येतो. पुन्हा उभी केली की पुन्हा टेकतो. मी दोनदा टाचण्या लावल्या, दोनदा काढल्या. कापड काही श्वास घेत नाही. पोरगी गुडघे वाकवून उभी राहतेय.” त्यांनी फ्रॉकची कड उचलली. आत दोन गुडघे होते, वाकलेले आणि दमून थरथरणारे. “पोरं तोंडाने काहीही सांगतात. म्हणून मी गुडघ्याकडेच बघते.”

मुंगीने फ्रॉक खाली ओढला. मामाने भिंग डोळ्याला लावलं आणि मग हळूच काढून खिशात ठेवलं. टेप, चौकट, पाणी, मणके, तोतया आणि सख्खा भावोजी, सगळं त्याने तपासलं होतं. पोरीचे गुडघे तेवढे बघायचे राहिले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

भावोजी खाली बसले. “मुंगे, का गं? तुला नाही जायचं का ढगगाडीत?”

“जायचंय.”

“मग घंटा? पुढचा डबा?”

मुंगीने ओठ घट्ट मिटले. मग बाबाच्या कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सांगू? तू सांगू नको म्हणालेलास.”

“सांग. आता सगळ्यांना कळलंय.”

“मामाने वाचलं होतं. सहाव्या पानावर. एकशे पाचची मुलं पुढे एकटी बसणार, आणि त्यांचे आईबाबा मागच्या डब्यात. आणि छोटी मुलं मध्ये बसणार, बाबाच्या शेजारी.” तिने खालचा ओठ दातांत धरला. “मी पुढे बसले तर तू मागे एकटा. आणि तुला भीती वाटते. मग तुझा हात कोण धरणार?”

आई पदर नसताना पदर शोधत होती. शेवटी तिने इस्त्री केलेलाच एक शर्ट डोळ्यांना लावला. मामा माहितीपत्रकाचं सहावं पान उघडून उभा होता. तिथे ते जसंच्या तसं छापलेलं होतं, आणि ते या घरात एका माणसाने मोठ्याने वाचलं होतं, तेही पुराव्याच्या आवाजात.

भावोजींनी पोरीला जवळ घेतलं. पंधरा वर्षं ते शिक्के मारत फिरले होते, पण घरात कोण केवढं आहे याचा अंदाज त्यांचा पार चुकला होता. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. दोन्ही त्यांनी होऊ दिलं.

“ऐक,” ते म्हणाले. “पुढे तू बसायचं. घंटा तूच वाजवायची. मी मागे बसेन.”

“डोळे मिटून?”

“सुरुवातीला मिटून. तू दोनदा वाजवलीस की मला कळेल तू आहेस. मग उघडेन.”

मुंगीने विचार केला. तिला ते पूर्ण पटलं नव्हतं. “पण हात?”

आई अर्ज उघडून बसली होती. “मागच्या डब्यात दोन जागा असतात,” ती म्हणाली. “मी खाली पिशव्या सांभाळणार, तसं वहीत लिहिलंय. दुसरी जागा रिकामी आहे.”

मुंगीने मामाकडे बघितलं. मग भावोजींनी बघितलं, आणि काकूंनीही.

“मी?” मामा म्हणाला. त्याचा चेहरा धुतल्या कापडासारखा झाला. “मी तळावरून नजर ठेवणार होतो. डिटेक्टिव्ह नेहमी तळावर असतो. उंचीवर हवा विरळ असते, त्याने तर्कशक्तीवर... ताई, खरं सांगतो, माझे मज्जातंतू...”

“पोलादी आहेत,” आई म्हणाली. “कार्डावर छापलंय.” आणि तिने त्याचं नाव भरलं.

“मामा, बाबाचा हात घट्ट धर,” मुंगी म्हणाली. “सोडू नकोस. हरवला तर तुलाच शोधावा लागेल.”

बाराला दहा मिनिटं कमी असताना आईने अर्जातल्या उंचीच्या चौकटीशी बोट आणलं. “काय लिहू? एकशे सहा?”

“थांब,” भावोजी म्हणाले. “न मोजता लिहायचं नाही.” त्यांनी गुण्या उचलला, पण चौकटीकडे न जाता ते वर बघत राहिले. “आणि अंधारात मोजायचं नाही.”

त्यांनी फडताळातून नवा दिवा काढला आणि स्टूल दाराशी ओढलं. मुंगी धावत गेली, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि चमचा घेऊन आली. पहिल्या पायरीवर भावोजी ठीक होते. दुसऱ्या पायरीवर पाय लटपटले आणि डोळे मिटले. ते भिंतीला धरून उभे राहिले, आणि घरात घड्याळाशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

ठण ठण.

भावोजींनी डोळे उघडले. खाली, अगदी खाली, अर्ध्या टाचण्या लावलेल्या पिवळ्या फ्रॉकात त्यांची मुलगी मान वर करून उभी होती, आणि स्टूल धरून मामा उभा होता. मामाचे डोळे मिटलेले होते. भावोजी तिसऱ्या पायरीवर चढले, जुना दिवा काढला, नवा बसवला आणि खाली उतरले. आईने बटण दाबलं. चौकटीवरच्या साऱ्या रेघा एकदम दिसल्या, मुंगी उभी राहायला शिकली तेव्हापासूनच्या.

मुंगी चौकटीशी जाऊन उभी राहिली. गुडघे सरळ, टाचा टेकलेल्या. काकूंनी वाकून खात्री केली आणि मान हलवली. भावोजींनी गुण्या धरला, रेघ ओढली आणि नाक रेघेला लावून आकडा वाचला.

“एकशे सहा पॉइंट चार.”

मामाने ताडकन डोळे उघडले, भिंग काढलं आणि जुन्या रेघेवरून नव्या रेघेवर नेलं. “मागच्या महिन्यात एकशे सहा होती! भावोजी, हे चार मिलिमीटर आले कुठून?”

“कुठून म्हणजे?” आई अर्ज पाठवत म्हणाली. “वाढली पोरगी.”